पळसाची १८० पानं आणि एक झूल: एकमेकांवर चढलेले आकार साच्यात कापायचे कसे

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही धागा लागेल. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या पोळ्यासाठी, लाकडी नंदीच्या पाठीवर चिकटवायची रेडियमची (चिकटणाऱ्या रंगीत प्लास्टिक कागदाची) झूल तुम्ही बनवताय. कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पळसाच्या ६० डहाळ्या मांडल्या. पळसाला पानं तीनच, म्हणजे १८० पानं झाली, आणि सगळी एकमेकांवर चढलेली. ती झुलीच्या आकारात पॉवरक्लिप केली, म्हणजे झुलीच्या चौकटीत बसवली. स्क्रीनवर झूल देखणी दिसली. पण प्लॉटरवर, म्हणजे रेडियम कापणाऱ्या मशीनवर, फाइल सोडली तेव्हा सुरीने झुलीबाहेरची पानंही पूर्ण कापली, आणि आत एका पानाच्या पोटातून दुसऱ्या पानाच्या रेषा गेल्या. रेडियम सोलायला घेतलं तर हातात नुसता चुरा. आता १८० पानं एकेक करून झुलीशी इंटरसेक्ट करत (दोघांचा सामाईक भागच ठेवत) बसायचं का, असं तुम्ही विचारलंय, आणि पोळा १२ दिवसांवर आला आहे.

एकेक करायची गरज नाही. खरं काम दहा मिनिटांचं आहे. पण ते सांगण्याआधी चूक नेमकी कुठे झाली हे सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढच्या वेळी नंदीऐवजी गाडीची काच असेल आणि हाच घोळ पुन्हा होईल.

पॉवरक्लिप कापत नाही, झाकतं. बैलाच्या अंगावर झूल टाकली म्हणून झुलीखालचा बैल कुठे जात नाही, तसंच आहे हे. पॉवरक्लिपच्या आत प्रत्येक पान अख्खं असतं, देठासकट. फक्त चौकटीबाहेरचं दाखवू नको, एवढी सूचना त्याला जोडलेली असते. स्क्रीन ती सूचना पाळते, छापणारं मशीन पाळतं. सुरीचा मामला वेगळा. प्लॉटरकडे जी फाइल जाते ती बहुतेक वेळा एचपीजीएल भाषेत असते. हेवलेट-पॅकार्डने आपल्या पेन प्लॉटरसाठी केलेली ही जुनी भाषा कटिंगच्या धंद्यात अजून टिकून आहे. तिच्यातली मुख्य वाक्यं अगदी साधी: पीयू म्हणजे पेन उचल, पीडी म्हणजे पेन टेकव, पीए म्हणजे अमुक ठिकाणी जा. मोजमापाचं एकक ०.०२५ मिलिमीटर. पेनच्या जागी सुरी लावली की झाला कटिंग प्लॉटर. कोणतं पान वर, कोणतं खाली, कोणता रंग कशाने झाकलाय, यातलं त्या सुरीला काही कळत नाही. रेषा दिली की ती रेषेवरून चालते. तुमच्या १८० पानांच्या १८० पूर्ण कडा तिला मिळाल्या आणि तिने त्या इमानाने कापल्या.

म्हणून तुमच्यापुढे काम एक नाही, दोन आहेत. झुलीबाहेरचं कापून टाकायचं हे पहिलं. आत जिथे पानावर पान चढलंय तिथे खालच्या पानाचा झाकलेला तुकडाही काढून टाकायचा हे दुसरं. लोक पहिल्याच कामावर थांबतात. झुलीची कड स्वच्छ झाली म्हणून खूश होतात आणि पोटातल्या रेषा तशाच ठेवून रेडियम वाया घालवतात. मीही हे करून बसलोय. एका पतसंस्थेच्या दारावरच्या काचेसाठी कमळांची पट्टी केली होती, पाकळ्यांवर पाकळ्या. कडा नीट कापून घेतल्या, आतलं पाहिलं नाही. तीन मीटर रेडियम गेलं, आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. रात्री जागून हाताने कटर चालवला. तेव्हापासून मशीनवर जाणारी एकही फाइल मी वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या रेषांत, पाहिल्याशिवाय सोडत नाही.

आता युक्ती. हिला मी ‘खिडकी’ म्हणतो. मी या धंद्यात पेंटर म्हणून आलो. राइस मिलच्या पोत्यांवर मार्का मारायचे पत्रे कापून द्यायचो. पत्र्यात अक्षर कोरायचं, पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. शाई फक्त भोकातून खाली जाते. कोरलमध्येही तसाच पत्रा करायचा. नेहमी आपण झुलीला पानं कापायला लावतो. त्याऐवजी झुलीच्या बाहेरची जी मोकळी जागा आहे तिलाच एक आकार करा, आणि पानं कापायचं काम तिच्याकडे द्या.

असं करा. आधी पॉवरक्लिपमधून सगळं बाहेर काढा. पानांचे ग्रुप केले असतील तर अनग्रुप ऑल द्या, एकही ग्रुप शिल्लक नको. मूळ मांडणीची एक प्रत फाइलच्या दुसऱ्या पेजवर ठेवून द्या, पुढे जे करायचंय ते परत न येणारं आहे. आता झुलीचा आकार जागेवर ठेवून सगळ्या पानांहून बराच मोठा एक आयत काढा, चारी बाजूंनी ऐसपैस. आयत आणि झूल दोन्ही निवडून कंट्रोल एल, म्हणजे कंबाइन. आयतात झुलीच्या आकाराचं भोक पडेल. त्याला एखादा भडक रंग भरा, म्हणजे नजरेस नीट पडेल, आणि शिफ्ट पेजअप दाबून सगळ्यात वर आणा. आता भोकातून फक्त झुलीपुरतीच पानं दिसतील, बाकी सगळी पत्र्याखाली. मग पानं आणि पत्रा असं सगळं निवडा आणि शेपिंगमधलं सिम्प्लिफाय द्या. पुष्कळ आकार निवडले की वरच्या पट्टीवरही ते बटण दिसतं, वेल्ड, ट्रिम, इंटरसेक्ट यांच्या शेजारी.

सिम्प्लिफायचं काम एकच: वरचा आकार खालच्या आकाराच्या जेवढ्या भागावर चढलाय तेवढा भाग खालच्यातून कापून टाकायचा. सगळ्यात वर पत्रा आहे, म्हणून झुलीबाहेरचं सगळं त्याने कापलं. त्याच फटक्यात वरच्या पानाने खालच्या पानाचा झाकलेला तुकडा कापला. दोन्ही कामं एका बटणात झाली. आता तो भडक पत्रा उचलून डिलीट करा. उरलं ते जसं दिसतंय तसंच आहे, झाकलेलं काहीच नाही. प्रत्येक पानाचा रंगही ज्याचा त्याच्याकडे राहतो. इंटरसेक्ट एकेक करत बसलात तर दिवस जाईलच, वर आतल्या रेषा तशाच राहतील, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

काही खाचखळगे आहेत, ते आधीच सांगतो. जी पानं झुलीच्या पूर्ण बाहेर पडली आहेत ती सिम्प्लिफाय करण्यापूर्वीच काढून टाका. त्यांची कोर उगाच कुठे तरी शिल्लक राहायला नको. वरच्या पानांनी पूर्ण झाकून टाकलेली पानंही असतील, तीही काढा. ती दिसतच नाहीत, पण व्ह्यू मेनूतलं वायरफ्रेम लावलं की सापडतात. दुसरं म्हणजे पानांच्या शिरा. तुम्ही त्या बहुधा जाड रेषेने काढल्या असतील. सुरी रेषेची जाडी पाहत नाही, तिच्या मधोमध एकच चीर मारते. शेपिंगच्या सगळ्या आज्ञाही जाडी सोडून मूळ रेषेलाच धरून चालतात. म्हणून शिरा आणि देठ आधी कंट्रोल शिफ्ट क्यू करून आकारात बदला, म्हणजे कन्व्हर्ट आउटलाइन टू ऑब्जेक्ट. पानाभोवती नुसती शोभेची काळी कड असेल तर ती काढून टाका, पॅलेटवरच्या फुलीवर राइट क्लिक केलं की ती जाते. तिसरं असं की एखाद्या पानाचे दोन-तीन तुकडे पडले तरी कोरल ते एकच वस्तू म्हणून धरतं. तुकडे सुटे हवे असतील तर कंट्रोल के.

कोरलच्या क्रॉप टूलबद्दलही विचाराल. ते २००६ च्या एक्स३ आवृत्तीत आलं. पॉवरक्लिपसारखं झाकत नाही, खरंच कापतं, आणि ग्रुप असला तरी आतली प्रत्येक वस्तू कापतं. पण त्याची चौकट आयताकृती. फिरवता येते, झुलीसारखी वळवता येत नाही. दरवाजाची पट्टी, पोस्टरची कड, सरळ किनार यांसाठी ते उत्तम. वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. काहीच निवडलेलं नसेल तर ते सगळं कापून टाकतं, बाजूला ठेवलेली दुसरी डिझाइनसुद्धा. आणि पॉवरक्लिपच्या पोटातलं ते कापत नाही, लॉक केलेल्या थरावरचंही नाही. त्यामुळे क्रॉप मारलं, पण झालं काहीच नाही, असं वाटलं तर आधी पॉवरक्लिप शोधा.

आता तुमच्या कामातला खरा पेच. तुमची झूल एका रंगाची की दोन-तीन रंगांची, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे.

समजा एकच रंग आहे, हिरवं रेडियम. सिम्प्लिफाय झाल्यावर पानं एकमेकांना कड लावून बसलेली आहेत, मध्ये जागा शून्य. कापलं तर दोन पानांमध्ये एक बारीक चीर पडेल, आणि चिकटवल्यावर लांबून ती दिसणार नाही. नंदीच्या पाठीवर नुसता हिरवा पट्टा दिसेल, पानं हरवतील. सगळी पानं वेल्ड केली, म्हणजे जोडून एकच आकार केला, तरी तेच, गोळा होतो. पानं वेगवेगळी दिसायला हवी असतील तर दोन पानांमध्ये लाकूड दिसेल एवढी फट सोडावी लागते. मी ०.८ मिलिमीटर सोडतो. ०.५ च्या खाली गेलं की आपल्या दुकानांतल्या मशिनांवर फटीतला पट्टा सोलताना तुटतो. १ च्या वर गेलं की छोट्या झुलीत पानं एकमेकांपासून फाटल्यासारखी दिसतात.

ही फट कशी करायची? पत्र्याचीच युक्ती पुन्हा. सिम्प्लिफाय झालेल्या सगळ्या पानांना ०.८ मिलिमीटरची लाल आउटलाइन द्या. एफ१२ दाबून आउटलाइन पेनमध्ये कोपरे गोल ठेवा, नाही तर पानांच्या टोकांना रेषेचे काटे फुटतात आणि ते शेजारच्या पानात घुसतात. मग कंट्रोल शिफ्ट क्यू. लाल रेषांचे लाल आकार होतील. फक्त लाल तेवढे निवडून वेल्ड करा, एक मोठी लाल जाळी मिळेल. ती सगळ्यात वर आणा, सगळं निवडा, सिम्प्लिफाय द्या, आणि लाल जाळी डिलीट करा. प्रत्येक पान आपल्या कडेपासून ०.४ मिलिमीटर आत सरकेल, दोन पानांत मिळून ०.८ ची स्वच्छ फट पडेल. झुलीच्या बाहेरच्या कडेलाही ०.४ कमी होईल, ते नजरेत येत नाही. हे एकदा हाताखालून गेलं की मोराचा पिसारा, वाघाच्या अंगावरचे पट्टे, धानाच्या लोंब्या, सगळ्याला चालतं. ताडोब्याच्या रस्त्यावरच्या जिप्सी गाड्यांना वाघ लावायचे तेव्हा मी हेच केलं.

दोन-तीन रंग असतील तर माझा सल्ला उलटा आहे, आणि तो जरा खोलात सांगतो. हिरवी, पिवळी, केशरी पानं सिम्प्लिफाय करून तीन रोलांवर वेगवेगळी कापली, आणि मग कोड्याचे तुकडे जुळवावेत तशी शेजारी शेजारी चिकटवली, तर ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. रेडियम चिकटवताना थोडं ताणलं जातं, लाकडाची पाठ गोल असते, हात अर्धा मिलिमीटर तरी हलतोच. मग दोन रंगांच्या मध्ये कुठे लाकूड डोकावतं, कुठे रंग रंगावर चढतो, आणि डोळा नेमका तिथेच जातो. म्हणून रंगारंगांमध्ये सिम्प्लिफाय करू नका. पत्रा सगळ्यांनाच लावा, म्हणजे झुलीची बाहेरची कड सगळ्या रंगांना सारखी कापली जाईल. पण तो एकेका रंगाला वेगळा लावा: हिरवी पानं आणि पत्र्याची एक प्रत, मग पिवळी पानं आणि पत्र्याची दुसरी प्रत. प्रत्येक रंगाच्या पोटातली दाटी मोडेल, पण पिवळ्याखाली जाणारं हिरवं तसंच राहील. चिकटवताना आधी हिरवं, त्यावर पिवळं. खालचा रंग वरच्याखाली आत गेलेला असला की हात जरा हलला तरी फट पडत नाही.

याहून सोपी वाट सांगू? सगळ्यात खाली अख्खी झूल एका रंगाची लावा, केशरी म्हणा. त्यावर एकाच रंगाची पानं, फट सोडलेली. फटीतून केशरी दिसतं आणि झूल भरलेली वाटते. दोन रोल, दोन कटिंग, दोन वेळा चिकटवणं, संपलं. ५० नंदी करायचे असतील तर मी डोळे मिटून हेच करीन. एका नंदीवर पाच रंग लावण्यात जो वेळ जातो त्यात या पद्धतीने चार-पाच नंदी सजतात, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या लेकरांच्या नंदीला लोक चार हात लांबून बघतात.

आता ती १८० पानं. ताई, खरं सांगतो, १८० जास्त आहेत. झूल साधारण वीतभर असणार. एवढ्या जागेत १८० पानं एकमेकांवर चढवली की कापल्यानंतर त्यातली निम्मी पानं पान म्हणून उरत नाहीत, कोरी-चकत्या होतात. स्क्रीनवर पानाचा आकार मागच्या ओळखीने कळतो, रेडियममध्ये ती ओळख तुटते. ३ मिलिमीटरहून लहान तुकडे सोलताना पट्टीबरोबर उठून येतात, आणि एकदा उठलेला तुकडा जागेवर बसवणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्याहून किचकट काम. सिम्प्लिफाय झाल्यावर कंट्रोल के करून असे बारके तुकडे हाताने काढून टाका. त्याहून चांगलं म्हणजे आधीच डहाळ्या २० करा आणि पानं मोठी करा. पळसाचं पान तसंही रुंद, गोलसर असतं, तळहाताएवढं. त्याला तसंच ठेवलं तर आपल्या मुलखातला माणूस लांबूनच म्हणेल की हा पळस.

पानं कुठून आणलीत हेही पाहा. फोटोवरून ट्रेस केलेलं पान असेल तर त्याच्या कडेवर शेकडो नोड, म्हणजे रेषेला वळवणारे बिंदू, असतात. सुरी प्रत्येक नोडवर अडखळते, कड करवतीसारखी येते, आणि सिम्प्लिफायलाही वेळ लागतो. शेप टूलने पान निवडून, सगळे नोड घेऊन रिड्यूस नोड्सची पट्टी सरकवा. एका पळसपानाला १०-१२ नोड पुष्कळ झाले. एक पान असं नीट करून त्याच्याच प्रती फिरवून, लहान-मोठ्या करून वापरा. १८० वेगवेगळी पानं साफ करायची पाळी येऊ नये.

तुमच्या गावातली काही मुलं इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपवर काम करतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्याबद्दल थोडं.

इलस्ट्रेटरमध्ये पॉवरक्लिपच्या जागी क्लिपिंग मास्क आहे, कंट्रोल ७. तोही झाकतो, कापत नाही, त्यामुळे सुरीसमोर तोच घोळ. पण तिथे पत्रा करावा लागत नाही. झूल सगळ्यात वर ठेवायची, सगळं निवडायचं आणि पाथफाइंडरमधलं क्रॉप द्यायचं. वरच्या आकाराबाहेरचं जातं आणि आतलं झाकलेलंही जातं, एकाच वेळी. दोन गोष्टी सांभाळा. पाथफाइंडरचं क्रॉप रेषा टाकून देतं, म्हणून शिरा आधी आउटलाइन स्ट्रोक करून आकारात बदला. आणि क्रॉप झाल्यावर जिथे पान नव्हतं तिथे रंग नसलेले, न दिसणारे आकार उरतात. कंट्रोल वाय दाबलं की ते दिसतात. त्यातला एक निवडून, सिलेक्ट मेनूतून सेम आणि मग फिल कलर द्या, सगळे एकत्र निवडले जातील, आणि डिलीट. हे विसरलात तर प्लॉटर तेही कापेल. झूल दोन-चार तुकड्यांची असेल, समजा मध्ये गोंड्यांसाठी जागा सोडली असेल, तर क्रॉप देण्यापूर्वी ते तुकडे कंट्रोल ८ ने एक करा.

इंकस्केप फुकट आहे, आणि परवाना घ्यायची ऐपत नसलेल्या पोराला मी तेच शिकायला सांगतो. तिथे एक गोष्ट नवख्याला हमखास फसवते. झूल आणि सगळी पानं निवडून इंटरसेक्शन दिलं की सगळंच गायब होतं. कारण तिथलं इंटरसेक्शन निवडलेल्या सगळ्या आकारांना सामाईक असलेली जागा ठेवतं, आणि १८० पानांना सामाईक अशी जागा कुठेच नसते. एकच रंग असेल तर आधी सगळी पानं कंट्रोल अधिक चिन्हाने युनियन करा, मग त्या एका आकाराचं आणि झुलीचं इंटरसेक्शन, कंट्रोल आणि गुणाकाराची चांदणी. पानांमध्ये फट हवी असेल किंवा रंग वेगळे ठेवायचे असतील तर नव्या आवृत्त्यांत पाथ मेनूत फ्लॅटन आहे. झाकलेले भाग काढून टाकण्याचं काम ते करतं. म्हणजे आपला पत्रा इथेही चालतो: भोकाचा आयत वर ठेवायचा, सगळं निवडून फ्लॅटन, पत्रा डिलीट. २०२३ च्या १.३ आवृत्तीत शेप बिल्डरही आला, पाहिजे ते तुकडे माउसने ओढून जोडता येतात. पाच-दहा आकारांना छान आहे, दीडशे-दोनशे पानांना मी तो वापरत नाही, मनगट दुखतं.

इतकं कापाकापीचं बोललो, पण पॉवरक्लिप वाईट आहे असं समजून ते सोडू नका. छपाईसाठी तेच बरोबर. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे फ्लेक्स येतात. वडशाच्या नाटक कंपन्यांचे कलाकार गोलांत, चांदण्यांत, एकमेकांवर चढलेले, कधी कधी एका फ्लेक्सवर १५-२० चेहरे. त्यातला एखादा कलाकार ऐनवेळी बदलतो. चेहरे खरोखर कापून ठेवले असते तर सगळी मांडणी मोडावी लागली असती. पॉवरक्लिपमध्ये आतला फोटो बदलला की झालं, गोल जागच्या जागी राहतो. तिथे झाकणंच हवं. म्हणून काम हातात घेतानाच मी गिऱ्हाइकाला विचारतो, हे छापायचं की कापायचं. त्या उत्तरावर फाइल कशी बांधायची ते ठरतं. तुमच्या झुलीचीही उद्या कोणी छापील आवृत्ती मागितली तर दुसऱ्या पेजवर ठेवलेली ती मूळ प्रत घ्या आणि खुशाल पॉवरक्लिप करा.

नंदीला दोन बाजू असतात, हे कटिंगच्या घाईत राहून जातं. झूल एकसंध, पाठीवरून दोन्हीकडे उतरणारी असेल तर प्रश्न नाही. दोन वेगळे तुकडे असतील तर सगळी कापाकापी, फट, साफसफाई एका बाजूची पूर्ण करा आणि मगच मिरर करून दुसरी बाजू काढा. आधी मिरर करून दोन्हीकडे वेगळं सिम्प्लिफाय करू नका, बारके तुकडे दोनदा वेचावे लागतील. लेकराचं नाव टाकायचं असेल तर ते मिररनंतर वेगळं टाका, नाही तर एका बाजूला उलटं येईल. नावाखालची पानं मात्र कापायला हवीत, नाही तर नावावरूनही पानांच्या रेषा जातील. नाव कंट्रोल क्यू करून वक्रात बदला, त्याची एक प्रत घेऊन तिला पानांसारखीच कड द्या, ती वर ठेवा आणि पुन्हा सिम्प्लिफाय.

मशीनवर सोडण्याआधी वायरफ्रेम लावून संपूर्ण झूल एकदा डोळ्यांखालून घाला. दोन-तीन रंग असतील तर एकेक रंग वेगळा पाहा. एका रंगात एकही रेष दुसऱ्या रेषेला ओलांडून जाताना दिसता कामा नये. ओलांडणारी रेष दिसली की तिथे झाकलेलं काही तरी उरलंय. मग सगळी झूल न कापता चार-पाच पानांचा एक कोपरा निवडून तेवढाच कापा आणि सोलून बघा. फटीतला पट्टा सलग निघाला तर सगळी सोडा. तुटला तर आधी सुरी आणि दाब तपासा, फाइलीला हात नंतर.

आणि झुलीचा मूळ आकार स्क्रीनवर अंदाजाने काढला असेल तर आजच एक काम करा. जुनं वर्तमानपत्र नंदीच्या पाठीवर टाकून, दोन्ही बाजूंनी दाबून, पेन्सिलीने झूल आखा, कापा, आणि सपाट करून पट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या. तो फोटो कोरलमध्ये पट्टीच्या मापाला आणून त्यावरून आकार काढा. सुताराने घडवलेले नंदी मापाला सारखे नसतात, ५० नंदी असतील तर लहान, मधला, मोठा असे तीन साचे लागतील. पानांची मूळ प्रत तीच वापरायची, फक्त पत्र्यातलं भोक बदलायचं. नंदीला नुकता ऑइल पेंट मारला असेल तर रेडियम लगेच लावू नका. श्रावणातल्या दमट हवेत तो आतून ओलाच राहतो आणि खालून फुगे येतात. रंगवायचं काम या आठवड्यातच उरकून नंदी वाळत ठेवा, तोवर कटिंग होईल.